साधेपणा आणि ऐकणें

साधेपणा आणि आज्ञापालन हे दोन गुण असे आहेत कीं, त्यांची स्तुति करण्यास कोणासच कांहीं खर्च येत नाहीं. श्रीमंत मनुष्य साधेपणाचे गोडवे गातो, आणि ज्याच्यावर कोणाचीच आज्ञा चालत नाहीं तो आज्ञापालनाचें महत्त्व इतरांस पटवून देतो. शाळांच्या भिंतींवर, बक्षीससमारंभांच्या भाषणांत आणि वडीलधाऱ्यांच्या पत्रांत हे शब्द इतक्या वेळां येतात कीं, त्यांचा अर्थ काय हें विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं. ख्रिस्ती धर्मविचारांत मात्र ह्या दोन शब्दांची जोडी फार जुनी आहे, आणि तिच्यावरून मोठमोठे कलह झालेले आहेत. त्या धर्माच्या महाराष्ट्रीय अनुयायांनीं तिचा अर्थ आपल्या उपासनेंत आणि रोजच्या संसारांत कसा लावला, हें पाहणें आम्हांस उद्बोधक वाटतें. आम्ही त्या धर्माचे नव्हों; परंतु प्रश्न ख्रिस्त्यांपुरता नाहीं, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

कोल्हापुरांत राहणाऱ्यास ह्या विषयासाठीं दूर जावें लागत नाहीं. एकीकडे अंबाबाईचें देऊळ: पूजा, अलंकार, पालखी, आणि वर्षांतून ठराविक दिवशीं मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात तो किरणोत्सव पाहण्यास लोटणारी गर्दी. जोतिबाच्या डोंगरावर तर चैत्रांत गुलालामुळें शेजारचा माणूस ओळखूं येत नाहीं. दुसरीकडे, १८५२ सालीं रॉयल गूल्ड वाइल्डर नांवाचा अमेरिकन मिशनरी ह्या शहरांत आला, त्याच्यामागून वाढलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळींची उपासना: तिच्यांत मूर्ति नाहीं, धूप नाहीं, आरती नाहीं, एक व्यासपीठ, एक ग्रंथ, आणि समोर बांकें. प्रथमदर्शनीं वाटतें कीं, वैभव इकडे आणि साधेपणा तिकडे. आमच्या मतें हा निवाडा घाईचा आहे.

प्रॉटेस्टंट उपासनेचा हा उघडाबोडकेपणा युरोपांत एका भांडणांतून जन्मास आला. सोळाव्या शतकांत जिनेव्हांत आणि स्कॉटलंडांत ज्यांनीं चर्चमधील मूर्ति काढून टाकल्या, त्यांच्यासमोर सोन्याचांदीनें मढवलेलीं जुनीं देवालयें उभीं होतीं. त्या डोळ्यांस पांढरी भिंत हें एक विधान होतें, जवळजवळ एक आरोळी होती. ज्यानें तें वैभव पाहिलें होतें त्यालाच त्या भिंतीचा अर्थ कळे. तीच भिंत समुद्र ओलांडून कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं उभी राहिली तेव्हां ती कशाचा निषेध करीत होती? येथील मनुष्यास ती निषेध म्हणून दिसली नाहीं. ती परकी म्हणून दिसली. शिवाय हा साधेपणा एकटा आला नाहीं, सामानासह आला. ज्या घरांत एकही खुर्ची नाहीं त्या घरच्या माणसास बांकावर पाय लोंबते ठेवून देवाचें नांव घेणें साधें वाटत नाहीं. तें कचेरींत बसल्यासारखें वाटतें. गाण्याची गोष्ट तर ह्याहून निराळी. इंग्रजी चाल शब्दांतील आघातावर चालते; मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरांवर चालतें. त्या चालींत मराठी शब्द बसवितांना ऱ्हस्वाचें दीर्घ होई, शब्द मध्येंच मोडे, आणि गाणारा भक्तिभावानें जें म्हणे त्याचा अर्थ ऐकणारास लागत नसे. ज्यांनीं हें केलें त्यांच्या त्यागाविषयीं आम्हांस शंका नाहीं. ज्यांनीं मिरजेचें रुग्णालय पाहिलें आहे त्यांस ती येणारही नाहीं. पण साधेपणा ही वस्तु एका देशांतून दुसऱ्या देशांत बांधून नेतां येत नाहीं, एवढें ह्यावरून दिसतें. जें एकास जन्मतः सोपें, तेंच दुसऱ्यास शिकावें लागतें. आणि जें शिकावें लागतें तें, निदान शिकून होईपर्यंत, साधें नसतें.

हें चारशें वर्षांपूर्वींच एका माणसानें ओळखलें होतें. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यांत आला. आज्ञापालनाची शपथ हें त्याच्या पंथाचें मुख्य भूषण. त्या शपथेनें बांधलेल्या ह्या मनुष्यानें मराठी शिकून, पुराण ऐकण्याची संवय असलेल्या नवख्रिस्त्यांसाठीं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. युरोपांत महाकाव्य म्हणून जो प्रकार भारदस्त ठरला असता, तो येथें ओवींत आला म्हणून सोपा झाला. स्टीफन्सनें साधेपणाचा उपदेश केला कीं नाहीं हें बाजूस ठेवा. त्यानें ऐकणाराचा कान आधीं ऐकला, हें महत्त्वाचें.

येथें शब्दांकडे थोडें वळावें लागेल. युरोपीय भाषांत साधेपणासाठीं जो शब्द रूढ आहे त्याचें मूळ लॅटिन ‘सिम्प्लेक्स’; त्याचा अर्थ ‘एकपदरी’. कमी वस्तु, स्वस्त वस्तु, रंगहीन वस्तु असा अर्थ त्यांत मुळींच नाहीं. ज्या मनाला दोन पदर नाहींत, बाहेर एक आणि आंत एक असें ज्याचें नाहीं, तें साधें. तसेंच आज्ञापालनाच्या युरोपीय शब्दाचें मूळ ‘ऐकणें’ ह्या धातूंत आहे. आमच्या मराठीस तर व्युत्पत्ति शोधण्याचे कष्टही नकोत. ‘मुलगा आईचें ऐकतो’ असें आपण म्हणतों तेव्हां त्याच्या कानांची परीक्षा करीत नसतों. ऐकणें आणि मानणें ह्या दोहोंस आपण एकच क्रियापद वापरतों. आणि गंमत अशी कीं, घराघरांतून ज्यांच्याविषयीं ‘हा कोणाचें ऐकत नाहीं’ अशी तक्रार होते, त्यांचें म्हणणें त्या घरांत कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलें असतेंच असें नाहीं.

ह्या दोन अर्थांची गांठ घालून पाहिली म्हणजे ख्रिस्ती जोडीचा अर्थ उलगडतो. मनास एकच पदर राहावा असें वाटत असेल तर ऐकावयाचें कोणाचें, हें ठरलें पाहिजे. दोन धन्यांची चाकरी होत नाहीं, हें शुभवर्तमानांतील वचन सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचा व्यवहारी परिणाम फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं: ज्यास एकाचें ऐकावयाचें आहे त्यास केव्हां तरी दुसऱ्याचें मोडावें लागतें. म्हणजे आज्ञापालनाच्या पोटांतच आज्ञाभंग बसलेला आहे. तो ज्यांच्या आयुष्यांत प्रकट झाला अशीं तीन माणसें आपल्या महाराष्ट्रांतच होऊन गेलीं.

नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत घालविला. आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकारामाच्या वाटेनें आलों, असें ते सांगत. आणि त्यांनीं उपासनेंत जें केलें तें ह्या एका वाक्याचें भाष्य होतें. त्यांनीं अभंग लिहिले, भजनें लिहिलीं. आणि जें पूर्वीं भाषांतर होतें तें प्रार्थना झालें. आज महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळींत जीं गीतें गाइलीं जातात त्यांत टिळकांच्या गीतांचा वांटा फार मोठा आहे, आणि टाळमृदंग तेथें आतां कोणास परका वाटत नाहीं. टिळकांनीं उपासनेंत कांहीं कमी केलें नाहीं; उलट पुष्कळ भर घातली. तरी ती साधी झाली, कारण गाणाराची जीभ आणि त्याचें मन ह्यांतील एक पदर त्यांनीं काढून टाकला.

पण पुढची पायरी अवघड होती. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला, एक प्रकारचा संन्यास घेतला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस त्यांत जागा होती. मिशनशीं त्यांचें वैर नव्हतें. पण ख्रिस्ताचें नांव सांगणाऱ्याच्या हातांत दर महिन्यास परदेशांतून आलेला पैसा पडतो, तेव्हां ऐकणाऱ्याच्या मनांत शंकेचा एक पदर आपोआप तयार होतो, हें त्यांस दिसलें होतें. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले, आणि दरबार संस्था म्हणून फार वाढला नाहीं. दोन वर्षांच्या संस्थेवरून माणसाचें मोजमाप करणारे लोक आहेत. त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं.

वाद घालावयाचा तो दुसऱ्याच एका गोष्टीवर. टिळकांचा साधेपणा कोणाच्या जिवावर चालला? हातीं आलेला पैसा पहिल्या भेटणाऱ्या गरजवंतास देऊन मोकळें होणें ही त्यांची वृत्ति प्रसिद्ध आहे. आणि पैसा देऊन झाल्यावर संध्याकाळीं चूल कशी पेटवावी हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा असे, हेंही तितकेंच प्रसिद्ध आहे. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस त्या पुस्तकांतील हंसू आठवत असेल. त्या हंसण्याखालीं जें आहे तें आम्हांस नेहमीं थोडें अस्वस्थ करतें. अपरिग्रहाचें श्रेय पुरुषाच्या नांवावर जमा होतें आणि काटकसर बायकोच्या नांवावर खर्चीं पडते, असा हिशेब आपल्या देशांत पुष्कळ थोर पुरुषांच्या घरीं मांडलेला आढळेल. हा दोष ख्रिस्ती धर्माचा नव्हे आणि हिंदु धर्माचाही नव्हे.

ह्याच लक्ष्मीबाई आज्ञापालनाच्या प्रश्नांत मात्र पतीपेक्षां एक पाऊल पुढें गेल्या, असें आमचें मत आहे. कडक सोवळ्याच्या बापाची मुलगी, बालपणींच लग्न झालेली, निरक्षरप्राय. अशा स्त्रीचा पति धर्मांतर करतो. ती काय करील? पतिव्रताधर्म सांगतो, पतीमागून जा. जातीचा धर्म सांगतो, जाऊं नको. प्रथम ती दुसऱ्या आज्ञेंत राहिली. पुढें पतीकडे आली तरी त्याचा धर्म तिनें घेतला नाहीं. माणसामाणसांतील उंचनीच देवानें केलेली नाहीं, असें तिच्या स्वतःच्या मनानें घेतलें तेव्हां तिनें आधीं सोवळें सोडलें. बाप्तिस्मा त्याच्यानंतर, १९०० सालीं. टिळकांनीं जबरदस्ती केली नाहीं हें त्यांस भूषणावह आहे. पण तिनें नुसत्या पत्नीधर्माखातर ‘होय’ म्हटलें नाहीं, हें त्याहून दुर्मीळ. धर्माच्या बाबतींत नवऱ्याचें न ऐकणारी ही बाई पुढें त्यानें अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ रचीत बसली. ज्यानें एकदां खरोखर ‘नाहीं’ म्हटलें आहे, त्याच्याच ‘होय’ला वजन असतें.

ह्या ठिकाणीं शुभवर्तमानांतील दोन मुलांचा दृष्टान्त आठवतो. बापानें एकास सांगितलें, मळ्यांत जाऊन काम कर. तो नाहीं म्हणाला, मग पस्तावून गेला. दुसरा होय म्हणाला, आणि गेला नाहीं. बापाची इच्छा कोणीं पाळली, असा तेथें प्रश्न आहे. आमच्या शाळा आणि आमचीं घरें दुसऱ्या मुलास बक्षीस देतात, हें मोकळेपणानें कबूल करावयास हवें. वर्गांत आम्हांसही तोच आवडतो. तो त्रास देत नाहीं.

पंडिता रमाबाई ह्या पहिल्या मुलाच्या जातीच्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीमंडळाच्या आश्रयास असतांना त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. तिचा रमाबाईंवर जीव होता, आणि म्हणूनच तिची अपेक्षा होती कीं, ज्या चर्चमध्यें आलीस त्याचें ऐक. रमाबाई ऐकेनात. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका काढीत. अंडें घातलेला पदार्थ खात नसत, तर त्यांत जेराल्डिनबाईंस जातीचा अभिमान दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरें नकोत, आमच्या स्त्रियांस तीं कळत नाहींत, संस्कृत असावीं, असा त्यांचा आग्रह होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत असतांना त्यांनीं इंग्रज तरुणांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, आणि तें बिशपांस पसंत पडलें नाहीं. तेव्हां माझ्या आयुष्याचा निकाल लावणारे हे कोण, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. एका जुन्या पुरोहितवर्गाच्या हातून सुटून आलेली स्त्री दुसऱ्याच्या हातीं मान देण्यास तयार नव्हती. आपली सद्सद्विवेकबुद्धि आणि तींतून बोलणारा देव, एवढेंच त्या मानीत.

जेराल्डिनबाईंचा आक्षेप मात्र हलका समजूं नये. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विवेकबुद्धीचें ऐकतें असें जो म्हणतो तो पुष्कळदां आपल्या अहंकाराचेंच ऐकत असतो, आणि त्याच्या अंगावर सद्गुणाचा झगा घालतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आम्ही कांट शिकवितों. जो नियम बुद्धीनें स्वतःस घालून घेतला तोच पाळण्यांत माणसाची प्रतिष्ठा आहे, असें सांगतों. विद्यार्थी तें आनंदानें उतरून घेतात. पण ‘स्वतः’ ह्या शब्दांत बुद्धि किती आणि लहर किती, हें तोलावयाचा कांटा कांटनें दिलेला नाहीं. मठांतल्या लोकांनीं दीड हजार वर्षांपूर्वीं ज्या कारणासाठीं आज्ञापालनाची शपथ घातली तें कारण हेंच होतें: माणसाचा स्वतःवरचा विश्वास हा सर्वांत धूर्त पुरोहित आहे.

मग रमाबाईंचें काय झालें? त्या हिंदुस्थानांत परत आल्या, १८८९ सालीं शारदासदन काढलें, आणि पुढें दुष्काळांत सांपडलेल्या शेंकडों मुलीबायकांना घेऊन केडगांवीं मुक्तिसदन वसविलें. तेथील राहणी अत्यंत साधी होती, आणि तेथील शिस्त अत्यंत कडक. कोणाची आज्ञा न मानणारी स्त्री आतां आज्ञा देणारी झाली. विहिरी खणणें, शेती, विणकाम, प्रार्थना, सर्व नेमानें. ज्या मुलींनीं तेथें ऐकलें त्यांना, वाँटेजला रमाबाईंनीं विचारले तसे प्रश्न विचारण्याची कितपत मुभा होती? ह्या प्रश्नाचें सोयीचें उत्तर देऊन पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. मरणाच्या दारांतून आलेल्या अनाथ मुलीस आधीं भाकरी लागते, वादाचा हक्क मागून, हें खरें. पण ‘मागून’ हा शब्द फार लांबूं शकतो, हेंही खरें.

तरीही एका कामावरून रमाबाईंच्या ऐकण्याची जात कळते. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं बायबलाच्या भाषांतरांत घातलीं. संस्कृतांत ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या ह्या विदुषीनें मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि हें सर्व पांडित्य कशासाठीं, तर खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईस पंडिती शब्द न अडतां ग्रंथ कळावा म्हणून. छपाईचें काम मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत, तेथल्याच बायकांच्या हातून झालें. १९२२ च्या एप्रिलांत त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्यामागें लोकांसमोर आला. साधेपणा म्हणजे अज्ञान नव्हे ह्याचा ह्याहून सबळ पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं. साध्या वाक्यापर्यंत पोंचावयास त्यांस दोन प्राचीन भाषा ओलांडाव्या लागल्या. ह्याच वाटेनें आपल्या काळांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो चालले. त्यांच्या भाषांतराचें ‘सुबोध बायबल’ हें नांवच बोलकें आहे. १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली, तेव्हां कॅथलिक चर्चनेंही स्टीफन्सचा धडा पुन्हा गिरविला असें म्हणावयास हरकत नाहीं.

एक अडचण राहतेच, आणि ती खुद्द शुभवर्तमानांतली आहे. बेथानी गांवीं एका स्त्रीनें अत्यंत मूल्यवान सुगंधी तेल ख्रिस्तावर ओतलें. शिष्य कुरकुरले: हें तीनशें दिनारांस विकून गरिबांना देतां आलें असतें. साधेपणाचा सर्व युक्तिवाद शिष्यांच्या बाजूचा आहे. आमच्या समाजसुधारकांनीं, लग्नांतील खर्चावर निबंध लिहिणाऱ्यांनीं, आणि स्वतः आम्हींही हाच युक्तिवाद अनेकदां केला आहे. ख्रिस्तानें मात्र त्या स्त्रीची बाजू घेतली. तेव्हां साधेपणा जर स्वस्ताईचें दुसरें नांव असेल तर ही गोष्ट समजणारच नाहीं. पण तो एकपदरी मनाचें नांव असेल, तर त्या खोलींत सर्वांत साधें मन त्या उधळ्या बाईचें होतें. कुरकुरणाऱ्यांपैकीं एकाच्या मनांत तर पैशाच्या थैलीचा दुसरा पदर होता, असें योहान सांगतो. १९०५ सालीं मुक्तिसदनांत शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें रडत, ओरडत प्रार्थना करूं लागल्या, तेव्हां पाहणाऱ्या कांहीं सभ्य लोकांस तें आवडलें नाहीं. त्यांच्या मतें साधी उपासना म्हणजे शांत उपासना. जोतिबाचा गुलाल त्यांना आवडता ना. आम्हांस तरी दोहींत फार अंतर दिसत नाहीं.

राहिला जेराल्डिनबाईंचा प्रश्न: विवेकबुद्धि आणि अहंकार ह्यांत भेद कसा करावा? आम्हांस एकच खूण सुचते, आणि तीही पुरेशी नाहीं. जो आंतला आवाज ऐकतो असें म्हणतो त्यास बाहेरचा आवाज ऐकूं येतो कीं नाहीं, हें पाहावें. आंतल्या आवाजानें ज्याचे कान बधिर केले, त्याचा तो आवाज देवाचा असण्याचा संभव कमी. ह्या खुणेनें पाहूं जातां, वाँटेजच्या भांडणांत कोण कोणापेक्षां अधिक ऐकत होतें हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. रमाबाई आज्ञा मोडीत, पण पत्र अनुत्तरित ठेवीत नसत. प्रत्येक शंकेस पानेंच्या पानें उत्तर देत. आणि जेराल्डिनबाई? हट्ट आणि गर्व ह्यांचा आरोप जिनें वारंवार केला, तिनेंच रमाबाईंचीं पत्रें जपून ठेविलीं, पुढें कोणी चरित्र लिहील म्हणून तीं एकत्र केलीं, आणि त्यांत स्वतःविरुद्ध जाणारीं पत्रेंही गाळलीं नाहींत. १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें अ. भि. शहा ह्यांच्या संपादकत्वाखालीं तो पत्रव्यवहार छापला, तो ह्या संग्रहावरून. रमाबाईंची बाजू आज आपणांस त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळते ती त्या बाईमुळें.